दोन्ही व्हिडिओ बरोबर, तरी स्वेटरला पीळ: विणण्याची पद्धत बदलताना काय झालं त्याचं एक प्रकरण

हे प्रकरण मी जवळून बघितलेलं आहे, आणि त्यातली एक चूक माझीच होती म्हणून जरा सविस्तर लिहितेय. जिच्याबद्दल आहे तिला ताई म्हणूया, तिची परवानगी आहे, ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही. मी थोड्या जणींना लोकरीचं विणकाम शिकवते. ताई माझ्याकडे शिकायला आलेली नव्हती बरं का, तिचा हात माझ्यापेक्षा जुना. ती अडली म्हणून आली.

पार्श्वभूमी

ताई नऊ-दहा वर्षांची असताना आजीकडून विणायला शिकली. आजीची पद्धत म्हणजे लोकर उजव्या हातात धरायची आणि प्रत्येक टाक्याला ती सुईच्या टोकावरून फिरवून टाकायची. बऱ्याच जणी अशाच विणतात, हिला इंग्लिश पद्धत किंवा थ्रोइंग म्हणतात. ताई चाळीस वर्षं अशीच विणत होती, वीण एकसारखी, उलटी बाजूसुद्धा बघत राहावी अशी.

मग उजवं मनगट आणि अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी विश्रांती घ्यायला सांगितलं आणि तीच तीच हालचाल कमी करा म्हणाले. ताईचा टाका टाकायचा प्रकार असा की दर टाक्याला उजवा हात सुई सोडतो, लोकर फिरवतो, परत सुई पकडतो. एका ओळीत 110 टाके असले तर 110 वेळा हेच.

तेव्हा तिच्या हातात मुलासाठी स्वेटर होता. छाती 100 सेंमी, म्हणजे पाठ 50 आणि पुढचा भाग 50. 4 मिमीची सुई, 10 सेंमीत 22 टाके, म्हणून 110 टाके घातलेले. मनगटाचं दुखणं वाढायच्या आधीच पाठ विणून झाली होती. पुढचा भाग सुरू करायच्या वेळी तिने ठरवलं की आता लोकर डाव्या हातात धरायला शिकायचं, ज्याला कॉन्टिनेंटल किंवा पिकिंग म्हणतात. यात लोकर डाव्या तर्जनीवर ताणलेली असते आणि उजवी सुई ती नुसती उचलून घेते, उजव्या हाताला सुई सोडावीच लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन पद्धत म्हणून ती इंग्रजी बोलणाऱ्या देशांत मागे पडली असं सांगतात, पण युरोपात बऱ्याच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या हीच चालत आलीय.

ताई शिकली व्हिडिओ बघून. आधी सुलट टाका शिकली, त्यावर एक मफलर केला, सगळ्या ओळी सुलट. मग दुसऱ्या एका व्हिडिओत तिला डाव्या हाताने उलट टाका (सपाट विणताना मागच्या बाजूच्या ओळीत घेतात तो) घ्यायची फार सोपी रीत सापडली, ती घेऊन गोल सुईवर एक टोपी केली. दोन्ही छान झाली. मग तिने स्वेटरचा पुढचा भाग घेतला.

अडचण

पुढचा भाग मुंढ्यापर्यंत, म्हणजे 38 सेंमी विणून झाल्यावर तिने पाठीवर ठेवून बघितला. जेमतेम 46 सेंमी रुंद. टाके तेच 110, सुई तीच, लोकर एकाच गठ्ठ्यातली. मोजलं तर 10 सेंमीत 22 च्या जागी 24 टाके बसत होते, आणि हाताला कापड जरा कडक लागत होतं.

तिने मला फोटो पाठवला आणि फोन केला. "अगं, माझा हात कधी एवढा घट्ट नव्हता."

मी फोटो बघितला, तोही पूर्ण स्वेटरचा लांबून काढलेला, आणि लगेच निदान करून मोकळी झाले. म्हटलं, ताई, नवीन हात आहे, लोकर बोटावर ओढून धरताय, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं, सुई अर्धा मिमी मोठी घ्या. हा पहिला निर्णयाचा क्षण आणि तो मी अगदी घाईत उरकला. हात घट्ट असला तर सुई मोठी, हात सैल असला तर सुई बारीक, हे इतकं पाठ झालेलं असतं की दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

ताईने अख्खा पुढचा भाग उसवला. 4.5 मिमीने परत सुरू केला, 20 सेंमी विणला. रुंदी आता बरोबर 50. पण कापड विरळ दिसायला लागलं, उजेडात धरलं तर आरपार दिसायचं, आणि कडा सरळ उभी न राहता एका बाजूला थोडी कलत होती. इस्त्रीच्या वाफेने सरळ करून बघितली, दुसऱ्या दिवशी परत तिरकी. तेव्हा ती विणकाम घेऊन प्रत्यक्ष आली.

काय सापडलं

हातात घेऊन खिडकीशी धरलं आणि मला लाजच वाटली, कारण बघणाऱ्याला लगेच दिसावं असं होतं. सुलट बाजूला साधा टाका व्ही सारखा दिसतो, खाली दोन पाय शेजारी शेजारी, मोकळे. ताईच्या विणीत एक ओळ अशी मोकळी आणि पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्याचे पाय खाली एकमेकांवर चढलेले, फुलीसारखे. एकाआड एक ओळ पिळलेली.

पीळ का पडतो ते इथे नीट सांगते कारण पूर्ण प्रकरण यावरच आहे. टाका सुईवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. आपण शिकतो त्या नेहमीच्या बैठकीत टाक्याचा उजवा पाय पुढे असतो, आणि आपण सुई त्याच पायातून घालतो, टाका मोकळा उघडतो. पण ही बैठक कशी होणार ते आधीच्या ओळीत लोकर कुठून फिरवली त्यावर ठरतं. उलट टाका घेताना लोकर सुईच्या वरून गेली तर उजवा पाय पुढे येतो. लोकर सुईच्या खालून उचलली तर टाका उलटा बसतो, उजवा पाय मागे. अशा उलट्या बसलेल्या टाक्यात पुढच्या ओळीत सवयीने पुढच्याच पायातून सुई घातली की टाका पिळतो.

ताईच्या दोन व्हिडिओंचं हेच झालं होतं. सुलट टाक्याचा व्हिडिओ नेहमीच्या कॉन्टिनेंटलचा, सुई पुढच्या पायातून. उलट टाक्याचा व्हिडिओ कॉम्बिनेशन पद्धतीचा. त्यात लोकर खालून उचलतात, बोटाला जराही वळवावं लागत नाही म्हणून तो इतका सोपा वाटतो, पण त्या पद्धतीत पुढच्या ओळीतला सुलट टाका मागच्या पायातून घ्यायचा असतो. ते बहुतेक त्याच बाईंच्या दुसऱ्या व्हिडिओत असणार, जो ताईने बघितलाच नाही, कारण सुलट टाका तर आपल्याला येतो असं तिला वाटलं. शिकवणाऱ्या दोघीही आपापल्या जागी अगदी बरोबर. दोघींचा अर्धा अर्धा भाग जोडला आणि पीळ आला.

मग मफलर आणि टोपीत का नाही दिसलं? मफलरच्या सगळ्या ओळी सुलट, उलट टाका नाहीच. टोपी गोल विणलेली, गोल विणताना सुलट बाजूच समोर असते, त्यामुळे तिथेही उलट टाका फक्त खालच्या सुलट-उलट पट्टीत. मी ती टोपी नंतर मुद्दाम मागवून बघितली. पट्टीतले उलट टाके पिळलेलेच होते, पण ते खोलगट भागात दडतात म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पट्टी जरा आवळ बसते एवढं ताई म्हणाली होती.

आणि रुंदी कमी का झाली तेही कळलं. पिळलेला टाका आवळून बसतो, पसरत नाही, शिवाय खालून उचललेल्या उलट टाक्याला लोकर कमी लागते. ताईचा हात घट्ट नव्हताच. सुई मोठी करून मी दुखणं तसंच ठेवलं आणि वरून कापड विरळ करून दिलं.

पर्याय काय काय होते

आम्ही त्या दुपारी बसून सगळे मांडले.

आहे तसं ठेवायचं का, हा पहिला. पीळ म्हणजे नेहमीच चूक असं नाही, जर्मनीतल्या बव्हेरियात आणि ऑस्ट्रियाकडे मुद्दाम पिळलेल्या टाक्यांच्या उठावदार नक्ष्या विणतात, फार सुंदर असतात. पण तिथे पीळ ठरवून घेतलेला असतो. इथे पाठ एका विणीची आणि पुढचा भाग दुसऱ्या, शिवणीला ओढाताण होणार. नको म्हटलं.

एकेक टाका खालपर्यंत सोडून क्रोशाच्या सुईने परत चढवायचा असंही ताईने सुचवलं. दोन-चार टाक्यांसाठी हे ठीक, 110 रांगांसाठी नाही.

परत आजीच्या पद्धतीवर जाऊन स्वेटर पूर्ण करायचा. हा सगळ्यात सोपा मार्ग होता आणि ताईचा कल तिकडेच होता, म्हणाली, "दुखलं तर दुखलं, एकदाचा संपू दे." मी याला ठाम नाही म्हटलं. स्वेटर थांबू शकतो, मनगटाचं तसं नाही.

आजीच्याच पद्धतीत थोडा बदल करून, म्हणजे उजव्या हाताने सुई न सोडता फक्त तर्जनीने लोकर टोकावर सरकवायची, ज्याला फ्लिकिंग म्हणतात. हालचाल कमी होते, पण काम उजव्या हातालाच. करून बघितलं, पंधरा मिनिटांत अंगठा बोलायला लागला.

पोर्तुगीज पद्धतही काढली. यात लोकर मानेवरून किंवा खांद्याजवळ लावलेल्या पिनेतून घेतात आणि डाव्या अंगठ्याने नुसती टोकावर ढकलतात. पेरूमध्येही मानेवरून लोकर घेऊन विणणारे आहेत. यात उलट टाका सुलटापेक्षा सोपा. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या बायका कमरेला घोड्याचे केस भरलेला चामडी पट्टा बांधतात, त्याच्या भोकात सुईचं एक टोक रोवतात म्हणजे सुईचं वजन हाताला पेलावं लागत नाही, तेही ताईला दाखवलं. तिला दोन्ही आवडलं. पण डावा हात आत्ता कुठे बसला होता, त्यात आणखी एक नवीन वळण नको वाटलं तिला, ते मलाही पटलं.

उरले दोन. एक म्हणजे डाव्या हातानेच, पण उलट टाक्याला लोकर वरून घ्यायची. टाके सगळे ओळखीच्या बैठकीत, कुठल्याही नमुन्याची माहिती जशीच्या तशी वापरता येते. तोटा असा की दर टाक्याला डावी तर्जनी खाली वाकवावी लागते, आणि नवीन हाताचे उलट टाके बऱ्याचदा सैल पडतात, मग उलट्या बाजूला दोन-दोन ओळींचे पट्टे दिसतात. दुसरा म्हणजे पूर्ण कॉम्बिनेशन, उलट टाका खालून आणि सुलट टाका मागच्या पायातून. हाताला सगळ्यात हलका, सुलट-उलट सारख्याच घट्टीचे. तोटा हा की नमुन्यातलं टाके कमी करणं तसंच्या तसं चालत नाही.

काय ठरलं आणि कसं केलं

निर्णय मी घेतला नाही, ताईने घेतला, आणि घेण्याआधी दोन्हीचे 30-30 टाक्यांचे नमुने विणले. हा दुसरा निर्णयाचा क्षण, आणि इथे मात्र आम्ही घाई केली नाही. प्रत्येक नमुना 15 सेंमी उंच केला, धुतला, सपाट वाळवला, मग मधल्या 10 सेंमीत मोजलं. 4 मिमीवर वरून घेतलेल्या नमुन्यात 21 टाके आले आणि पट्टे स्पष्ट दिसत होते. कॉम्बिनेशनमध्ये साडेबावीस, वीण सपाट. 110 टाक्यांना साधारण 49 सेंमी, पाठीपेक्षा एक सेंमी कमी. तेवढं धुताना ताणून पिना लावल्या की निघतं. ताईने कॉम्बिनेशन घेतलं.

एक गंमत नमुन्यातच झाली, ते बरं झालं. पहिली ओळ पिळलेली निघाली. मी सांगितल्याप्रमाणे ताईने सगळं मागच्या पायातून घेतलं होतं, पण सुईवर नुकते घातलेले टाके नेहमीच्या बैठकीत होते, त्यांचा उजवा पाय पुढेच होता. तिथे मागच्या पायातून घेतल्यावर तेच पिळले. तेव्हा मी माझं वाक्य बदललं. आधी सांगत होते, "सुलट टाका मागच्या पायातून घ्या." आता म्हटलं, "ताई, मागचा-पुढचा विसरा, टाक्याचा उजवा पाय शोधा, तो जिथे असेल तिथून घ्या, टाका उघडला पाहिजे." हे वाक्य तिला एका झटक्यात कळलं, आणि चाळीस वर्षं विणून आपण कधी टाक्याकडे असं बघितलंच नव्हतं म्हणाली. आजीने हाताची हालचाल शिकवली, ती इतकी पक्की होती की बघायची गरजच पडली नाही.

मग उसवलं, दुसऱ्यांदा. उसवलेली लोकर गुंडाळून, धुऊन, वाळवून घेतली कारण कुरळ्या लोकरीची वीण उंचसखल येते.

मुंढ्याला आणि गळ्याला टाके कमी करताना मी शेजारी बसले. कॉम्बिनेशनमध्ये सुलट बाजूला टाके उलटे बसलेले असतात, त्यामुळे डावीकडे झुकणारी जोडी फार सोपी, दोन टाके मागच्या पायांतून एकत्र घेतले की झालं, आधी एकेक उचलून फिरवायची गरज नाही. उजवीकडे झुकणाऱ्या जोडीला मात्र दोन्ही टाके आधी सुईवर फिरवून सरळ बसवावे लागतात, मग पुढच्या पायांतून एकत्र. ताईने हे वहीत चित्र काढून लिहून ठेवलं.

वेळेचं बंधन तिने स्वतः घातलं, एका बैठकीत 20 मिनिटं, मग हात मोकळे. पहिल्या आठवड्यात डाव्या तर्जनीला लोकरीचा काच पडला, तेव्हा लोकर करंगळीभोवती एक वेढा देऊन घ्यायला लागली आणि बोटावरचा ताण कमी झाला.

काय झालं शेवटी

पुढचा भाग पूर्ण झाला, 49 सेंमी. उंचीत फरक पडला होता, पाठीच्या 10 सेंमीत 30 ओळी आणि पुढच्या भागात 31, म्हणून मुंढ्यापर्यंत सेंमी मोजून चार ओळी जास्त घेतल्या आणि शिवण नीट जुळली. घातल्यावर कुणाला फरक कळत नाही. मला कळतो, पाठीवर आजीचा हात दिसतो आणि छातीवर ताईचा नवा, पण ते मला आवडतं.

मनगटाचं दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. ते पद्धतीमुळे, विश्रांतीमुळे की 20 मिनिटांच्या नियमामुळे ते मी सांगू शकत नाही, तिन्ही एकदमच सुरू झालं. दुखणाऱ्या कुणी फक्त हे वाचून पद्धत बदलू नका, आधी दाखवून घ्या.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून सांगायचं तर लांबून काढलेल्या फोटोवर सल्ला द्यायला नको होता. जवळून एक फोटो, सुलट बाजूचा, सुईसकट, एवढं मागितलं असतं तर 38 सेंमी एकदाच उसवावं लागलं असतं. आणि टोपी चांगली झाली, सपाट कापड बिघडलं, हा धागा ताईने मला पहिल्याच फोनवर दिला होता. हात घट्ट असता तर टोपीही आवळ झाली असती ना. जे फक्त सपाट विणताना बिघडतं ते उलट टाक्यात असतं, इतका सरळ विचार मी केला नाही.

ताईच्या बाजूने, नवीन पद्धत चालू स्वेटरवर शिकायला नको होती, आणि पाठ जुन्या हाताची असताना पुढचा भाग नवीन हाताने करायचा तर नमुना विणायलाच हवा होता. तीही हे मान्य करते. पण आपण सगळ्याच हातातलं काम संपवायच्या नादात असतो. आणि व्हिडिओतून शिकायचं तर सुलट, उलट आणि टाके कमी करणं या तिन्ही गोष्टी एकाच शिकवणाऱ्याच्या घ्याव्यात, निदान पहिल्यांदा तरी.

शिकवण्याबद्दल माझं एक मत यातून पार बदललं. मी नव्या मुलींना समोर बसवून शिकवायचे, त्यामुळे त्यांना सगळं आरशातल्यासारखं दिसायचं आणि लोकर वरून की खालून यात घोटाळा व्हायचा. आता शेजारी बसवते. आणि दहा ओळी झाल्या की विणकाम त्यांच्या हातातून घेते, सुईवर मुद्दाम दोन टाके उलटे बसवून परत देते, आणि शोध म्हणते. काही जणींना चिडायला होतं, पण दोन-तीन वेळा झालं की डोळे आपोआप टाक्याच्या पायांकडे जातात.

बाह्या अजून व्हायच्यात. त्या ताई गोल सुईवर करणार म्हणतेय, आणि तिथे नियम परत फिरतो, गोल विणताना साधा सुलट टाका पुढच्या पायातून आणि पट्टीतला उलट टाका मागच्या पायातून. शिवाय आता तिला दोन्ही हातांनी येतं म्हणून मनगटाजवळ दोन रंगांची नक्षी घ्यायचीय, एक रंग उजव्या हातात, एक डाव्या. उजव्या हातात नक्षीचा रंग ठेव, त्याचे टाके कमी असतात, म्हणजे मनगटाला काम कमी पडेल असं मी सुचवलंय. पण हातांची अदलाबदल केली की कुठला रंग उठून दिसतो तेही बदलतं, म्हणून आधी दोन्हीचा नमुना करायचं ठरलंय. काल तिने टाके घातले.